माझ्यावर सोडा

लग्न होऊन मी या गावात आले त्या दिवशी मला पहिला हुकूम सासूने केला नाही, तात्यांनी केला. धसईच्या बाजारापाशी वऱ्हाडाचा टेम्पो उभा होता. मी शालू सावरत कशीबशी मागून चढत होते, तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "नवरीबाय, दारात थांबू नका, पुढं सरका, पुढं!" मी घाबरून थेट ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत सरकले. मग त्या आवाजाच्या मालकाने टेम्पोतल्या सगळ्या डोक्यांवरून एक बोट फिरवलं, ओठांतल्या ओठांत मोजलं, आणि जीभ टाळूला लावून दोनदा आवाज काढला. टिण टिण. टेम्पो सुटला. नवरा कानाशी म्हणाला, "शेजारचे तात्या. एस्टीत कंडक्टर हायत." शेजार झकास मिळालाय, असं मी मनात म्हटलं.

पुढे कळलं की हा आवाज ते फक्त गाडी सोडायला काढत नाहीत. गावात काहीही ठरलं की तात्या बेल मारत. कुणाच्या मुलीचं जमलं, टिण टिण. बांधावरचं भांडण मिटलं, टिण टिण. आणि लोकांनाही अशी सवय लागली होती की बेल झाल्याशिवाय उठायचंच नाही. बोलणी संपलेली असत, चहा पिऊन झालेला असे, तरी माणसं तात्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहत.

निवृत्त झाल्यावर मुरबाडच्या डेपोने त्यांची चामड्याची बॅग जमा करून घेतली. तात्या आठवडाभर खांदा हरवल्यासारखे फिरले आणि मग बाजारातल्या चांभाराकडून तशीच दुसरी शिवून आणली. तीत तंबाखूची डबी, चष्मा आणि एक किल्ली असे. किल्ली कशाची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुठेही गेले की आधी माणसं मोजणार. सत्यनारायणाला मोजत, बारशाला मोजत. एकदा मयताला गेले आणि अंगणातली माणसं मोजताना तिरडीवरच्यालाही मोजून बसले. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्यांना कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाले, "वैनी, तिकीट तर त्याचंच फाटलंय आज."

आईंना तात्यांचा एक किस्सा फार आवडायचा, कारण त्या गाडीत त्या स्वतः होत्या. तात्या तेव्हा शहापूर डेपोला होते, डोळखांबच्या गाडीवर. संध्याकाळची शेवटची गाडी. सकाळी वरच्या पाड्यावरची एक बाई नाचणीचं गाठोडं घेऊन उतरली होती आणि उतरताना "परत याच गाडीनं येतंय" असं बोलली होती. संध्याकाळी ती दिसेना. ड्रायव्हर हॉर्न देऊन थकला. माणसं कावली. तात्या पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले. "येतंय म्हणली ना ती? मग येल," एवढंच म्हणत. अखेर ती आली, धापा टाकत. तात्या तिला रागावले नाहीत की आपण थांबलो म्हणून मिरवलेही नाहीत. "पुढं सरका," म्हणाले आणि दोरी ओढली. असल्या थांबण्यापायी त्यांनी साहेबाची बोलणी पुष्कळ खाल्ली. पण त्या भागातल्या पाड्यापाड्यांवर त्यांच्या शब्दाला जे वजन होतं, ते तिथून आलेलं होतं.

आमच्या गावाच्या डोक्यावर पठार आहे. गुरचरणाची जमीन, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. पठाराच्या कडेला तीन पाडे. होळी सरली की वरचे झरे आटतात आणि बायका हंडे घेऊन खाली नदीकाठच्या विहिरीवर उतरतात. उतरताना रिकामे असतात, चढताना काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. विहिरीवर पंप बसवून झाला होता, पण लाइटीचा दाब असा की पंप नुसता गुरगुरायचा. डिझेलचा पंप वर्गणीतून एक उन्हाळा चालला आणि वर्गणीबरोबर बंद पडला.

अशात एका संस्थेच्या मॅडम आल्या. पठारावर त्यांनी एक उंच खांब रोवला, त्याला गरगर फिरणाऱ्या वाट्या लावल्या आणि वर्षभर वारा मोजला. वारा चांगला निघाला. पठारावर मध्यम उंचीची पवनचक्की उभी करायची, तिच्यावर पंप चालवायचा, पाणी तिन्ही पाड्यांवर आणि गावात. चक्की गावाचीच, सांभाळायचीही गावाने. अट एकच होती: जमीन सगळ्यांची, तेव्हा गावाचा पाठिंबा हवा.

मॅडमनी पहिल्या दिवशी पठारावर तात्यांना विचारलं होतं, "उन्हाळ्यातसुद्धा इथे असाच वारा असतो का?" तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हवेत धरली आणि सोडून दिली. टोपी दरीत गेली. "गेला एक पॅसेंजर," ते म्हणाले. त्या दिवसापासून तात्या पवनचक्कीचे झाले. घरात त्यांच्या पाण्याची काही अडचण नव्हती, खाली आम्हाला विहीर जवळ आहे. पण डोळखांबच्या गाडीत हंडे, गाठोडी, लेकरं घेऊन चढणाऱ्या बायका त्यांनी उभा जन्म पाहिल्या होत्या. "आता बसल्या जागी पाणी येऊ दे त्यांच्या घरी," म्हणायचे.

गावात नाना शंका निघाल्या. पंख्याने ढग पळतील. गाई आटतील. तात्या प्रत्येकाशी भिडले. "आरं, घरात पंखा लावतूस तवा तुझा छप्पर उडतो काय?" असं पारावर बसून विचारायचे, आणि शंका काढणारा हसला की त्याच्या घरी सुपारी मागायला जायचे.

ही सुपारीची रीत आमच्या या डोंगरकडेची. सगळ्या गावाचं काही काम असलं, देवळाचं असो की बंधाऱ्याचं, तर एक माणूस घरोघर जातो. घराला पटलं तर घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या हातावर एक सुपारी ठेवतं. घेणारा ती कपाळाला लावतो आणि म्हणतो, "माझ्यावर सोडा." झालं. त्यानंतर त्या घराला त्या कामाबद्दल पुन्हा विचारायचं नाही आणि त्या घरानेही पुन्हा बोलायचं नाही. मी टिटवाळ्याकडची, मला ही रीत नुसती गंमत वाटायची. आईंनी सुपारी दिली तेव्हा मी दारातच होते. तात्यांनी कपाळाला लावली, "वैनी, माझ्यावर सोडा," म्हणाले आणि बॅगेत टाकली. बॅग कधी नव्हे ती जड व्हायला लागली होती.

सगळ्यांत अवघड सुपारी होती वरच्या पाड्यावरच्या लहानूबाबांची. पठारावर सर्वांत जास्त गुरं त्यांची. म्हसाच्या गुरांच्या जत्रेत त्यांच्या बैलांकडे माणसं थांबून बघत. गुरं चरायची जागाच गेली तर, हा त्यांचा प्रश्न, आणि तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तात्या चढून जायचे, लहानूबाबा त्यांना चहा पाजायचे, बैलांवर बोलायचे आणि परत पाठवायचे. असं पुष्कळदा झालं. शेवटी तात्यांनी मॅडमना वर आणलं, चक्कीच्या पायाची जागा दगड मांडून दाखवायला लावली, आणि लहानूबाबांची गुरं त्या दगडांच्या आतबाहेर चारून दाखवली. लहानूबाबा उकिडवे बसून गुरांकडे बघत राहिले. मग कमरेची चंची सोडली आणि सुपारी काढली.

"घे," ते म्हणाले. "पर आता यकदा दिली. पुन्यांदा इचारायला येऊ नको."

"नाय येत," तात्या म्हणाले. "माझ्यावर सोडा, बाबा."

त्या दिवशी ते पठारावरून उतरताना बेल मारत उतरले. आईंनी खालून ऐकली.

ग्रामसभा माघात ठेवली. सूचना लागली, दवंडी झाली. सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती आणि सतरंज्या माझ्या अंगणवाडीच्या, म्हणून अंथरायलाही मीच. मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर संस्थेचे मोठे साहेब आले. सरपंचबाई, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी. शाळेत खिचडी शिजवणारी सोमी चहाच्या तयारीला लागली. सोमी लहानूबाबांची सून. तात्या धुतलेला सदरा घालून, बॅग लावून दारात उभे. माणसं चढली की मोजायची, म्हणून दारात.

कुणी चढेना.

खालच्या आळीतले चार म्हातारे सावली बघून येऊन बसले. तात्या रस्त्याकडे बघत राहिले, त्या डोळखांबच्या गाडीच्या पायरीवर उभे राहायचे तसेच. "येतील," म्हणाले. पठाराची वाट दारातून दिसते. वाटेवर एक शेरडू होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मॅडमनी पाहिलं. तात्या पुन्हा म्हणाले, "येतील, साहेब." या खेपेला आवाज बारीक होता.

अखेर साहेब म्हणाले, "तात्या, तुमची धडपड आम्ही पाहिली आहे. पण गावाचा पाठिंबा आम्हाला दिसायला हवा. हात वर झालेले दिसायला हवेत. दुसरी दोन गावं वाट बघतायत."

तात्या टेबलापाशी आले, बॅग उघडली आणि उलटी केली. सुपाऱ्या टेबलावर सांडल्या, काही घरंगळून सतरंजीवर गेल्या. "ह्यो बघा पाठिंबा," ते म्हणाले. "घर न् घर हाय ह्याच्यात." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक सुपारी उचलून पाहिली, परत ठेवली, आणि अगदी हळू विचारलं, "मग माणसं कुठे आहेत?"

तात्यांचा चेहरा मी बघत होते. आधी तो लाल झाला आणि मग त्याच्यातलं सगळं उतरून गेलं. पाहुण्यांसमोर, मॅडमसमोर, गुरुजींसमोर त्यांचा कचरा झाला होता, निदान त्यांना तसं वाटलं. आणि तोंडातून जे निघालं ते असं:

"साहेब, माझा गावच असला. तोंडावर सुपारी देतात आन् पाठ फिरली का इसरतात. आन् वरचे पाडं म्हंजे बोलायलाच नको. ह्यांना पानी दारात आणून दिलात तरी हंडा धरायला उठायचे नायत. जनमभर दुसऱ्यानं वाट बघायची ह्यांची. ह्यांच्या शब्दाला कवडीची किंमत नाय."

मलाही तेव्हा ते खरंच वाटलं होतं. सोमी चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ती आत आली, साहेबांना कप दिला, मॅडमना दिला, मग तात्यांसमोर ताट धरलं.

"तात्या, चा घ्या," ती म्हणाली.

त्यांनी घेतला नाही. खाली वाकून सुपाऱ्या वेचायला लागले.

घरी येऊन मी आईंवर तोंड सोडलं. दारापासून शाळा हाकेच्या अंतरावर आणि तुम्हाला यायला काय झालं होतं? तात्यांचं नाक कापलंत सगळ्यांनी मिळून. आई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"आमी कशाला जायाचं गो तिथं?" त्या म्हणाल्या. "सुपारी दिलेली नाय का? त्यांनीच तर सांगला, माझ्यावर सोडा म्हणून. दिल्यावर पुन्यांदा हात दाखवायला जायाचं म्हंजे तात्यावर भरवसा नाय असाच की. लोक काय म्हणतील? गाव तात्याच्या पाठी तात्याचीच मोजणी करायला गेला?"

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, कुडाच्या पलीकडे तात्या होते. आमच्या दोन घरांमध्ये नुसता कूड. पलीकडे बॅग खुंटीला अडकवल्याचा आवाज येता येता राहिला. आईंनाही ते कळलं. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "भावजी, चुकला काय आमचा?"

आई दोनदा "भावजी, भावजी" म्हणाल्या, आणि मग त्यांनी सूप बाजूला ठेवून दिलं.

तात्या ही रीत जाणत नव्हते असं थोडंच होतं? सगळ्यांच्या आधी जाणत होते. पण जन्मभर एस्टीत काढलेल्या माणसाला वाटलं की गाडी लागली म्हणजे माणसं आपोआप येतील. प्रत्येक दारात जे वाक्य ते स्वतः बोलून आले होते, तेच लोकांनी खरं धरलं. गाव आलं नाही ते त्यांच्यावरच्या विश्वासाने आलं नाही. आणि त्या गावाला ते, परक्या माणसांसमोर, सोमीच्या तोंडावर, काय बोलले होते! ज्या बाईसाठी पायरीवर उभं राहून बोलणी खाल्ली, तसल्याच बायकांना.

दुसऱ्या दिवसापासून ते सुपाऱ्या परत करायला निघाले. शब्द मोडला तर सुपारी परत करायची, हीही रीतच आहे. पण ती कुणी करताना मी तोवर पाहिली नव्हती. पहिलं घर आमचं. दारात उभे राहिले, आत सरकले नाहीत. तळहातावर सुपारी. "वैनी, ही तुमची." आईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझी नाय ती. मी दिलीय." तात्या तसेच उभे, तळहात पुढे. आईंना रडू आलं, त्या आत निघून गेल्या, आणि मी वेड्यासारखी दोघांच्या मध्ये. शेवटी ते गेले.

कुणीच घेतली नाही. खालच्या आळीत नाही, वरच्या पाड्यावर नाही. लहानूबाबांकडे ते गेले तेव्हा काय झालं ते मला सोमीने नंतर सांगितलं. तात्या अंगणात उभे राहिले. लहानूबाबांना सगळं कळलेलं होतं, सोमीने त्याच संध्याकाळी घरी सांगितलं होतं. तिने ते का सांगितलं असं मी विचारलं नाही. न सांगण्यासारखं ते नव्हतं.

"बाबा, मी लय वंगाळ बोललू," तात्या म्हणाले.

"बोललास," लहानूबाबा म्हणाले. ते नाही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या बायांसाठी तू गाडी थांबवायचास. आमी बी थांबू जरा. सुपारी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

मला वाटतं त्यांना कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर ते सावरले असते. लाजेला शिवी चालते, माया सोसत नाही. तात्या घरांच्या पुढच्या रस्त्याने जायचे ते मागच्या शेतातून जायला लागले. पारावर बसणं बंद. लग्नाला बोलावणं आलं तर आहेर आमच्याकडे देत, "माझ्या नावानं टाक गो," म्हणत. बाजाराला जायचे तेव्हाही एस्टीच्या शेवटच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून. बेल तर गेलीच. पलीकडच्या आळीत एकीची सोयरीक जमली, सगळे बसून राहिले, तात्या नव्हतेच. माणसं शेवटी चोरासारखी एकेक करून उठली.

पाणी अर्थातच आलं नाही. त्या उन्हाळ्यात सोमी आणि पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन आमच्या दारावरूनच उतरायच्या. त्या वेळी तात्यांचं दार बंद असायचं. मी कुडातून बघायची. दाराच्या आत, भिंतीला टेकून, ते त्या पूर्ण उतरेपर्यंत उभे असायचे.

मॅडम मात्र हटल्या नव्हत्या. त्यांना मी आईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं. त्या हसल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या शिमग्याला त्या साहेबांना पुन्हा घेऊन आल्या. शिमगाच का, तर वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं तेव्हा घरी असतात. या वेळी तात्या कुणाकडे गेले नाहीत. लहानूबाबा गेले. काठी टेकत, म्हाताऱ्या पायांनी, घरोघर. सुपारी मागितली नाही. "सुपारी तात्याकडं हाय," म्हणाले, "आपून फकस्त हात न्यायचे."

शाळेची खोली भरली. माझ्या सतरंज्या पुरल्या नाहीत, माणसं व्हरांड्यात, खिडक्यांत. तान्ही पोरं घेऊन पाड्यावरच्या बाया आल्या. साहेबांनी विचारलं, कोण कोण बाजूने आहे? हात वर झाले. इतके हात एका वेळी मी कधी पाहिले नव्हते, साहेबांनीही नसावेत. ग्रामसेवकाने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"सर्वानुमते," साहेब म्हणाले. "झालं. हात खाली घ्या."

कुणीही घेतला नाही. साहेबांना वाटलं ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले. तेव्हा पुढे बसलेले लहानूबाबा म्हणाले, "बेल व्हायची ऱ्हायलीय, सायेब."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात कुणी नव्हतं. मी खिडकीपाशी होते, म्हणून मला बाहेरचं दिसलं. व्हरांड्याच्या टोकाला, जिथे सगळ्यांच्या चपलांचा ढीग पडला होता, तिथे तात्या उभे होते. आत येण्याचं धाडस झालं नव्हतं. खोलीकडे पाठ, कपाळ भिंतीला टेकलेलं, खांद्याला ती जड बॅग. आणि उजवा हात वर. कुणाच्याही मोजणीत येणार नव्हता असा, पण पुरता सरळ वर. ते जीभ टाळूला लावत होते, मला गालाची हालचाल दिसत होती. आवाज निघत नव्हता.

सोमी चहाचं ताट घेऊन माझ्या पुढून गेली. आत गेली नाही, साहेबांकडेही नाही. चपलांमधून वाट काढत ती तात्यांपाशी जाऊन उभी राहिली.

"तात्या, चा घ्या," ती म्हणाली.

ते वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग डाव्या हाताने कप उचलला. उजवा त्यांनी खाली घेतला नाही.